महागड्या केबलवरची बंद डबी : आत असतं तरी काय?



घरात होम थिएटर घ्यायचं ठरलं किंवा शाळेच्या सभागृहासाठी साउंड सिस्टिम आणायची असली, की स्पीकरच्या मागोमाग केबलचा विषय निघतोच. साध्या वायरला शंभर-दोनशे रुपये, तर काही केबलना लाखाच्या वर किंमत. त्यातल्या काही केबलच्या मधोमध एक डबी असते, पक्की बंद केलेली. आत काय आहे, हे दहावीपर्यंतचं विज्ञान वापरून समजून घेऊ या.

आधी साधी वायर

नववीच्या धाराविद्युत पाठातलं सूत्र आठवा : रोध = रोधकता × लांबी ÷ छेदाचं क्षेत्रफळ. 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची, 3 मीटर लांबीची तांब्याची जोडवायर घ्या. जाऊन-येऊन 6 मीटर तांबं. रोध येतो सुमारे 0.04 ओहम. स्पीकर साधारण 8 ओहमचा. म्हणजे वायरचा वाटा अर्धा टक्का! एवढ्याने आवाजात जो फरक पडेल तो कानाला कळत नाही. वायर फार बारीक किंवा फार लांब असेल तर मात्र फरक पडतो. हे गणित मुलांकडून फळ्यावर करून घ्या.

डबीत काय असतं?

अमेरिकेतल्या एमआयटी आणि ट्रान्सपरंट या कंपन्यांच्या केबलवर अशा डब्या दिसतात. आत ‘नेटवर्क’ आहे असं कंपन्याच सांगतात. नेटवर्क म्हणजे रोध, कपॅसिटर आणि कॉइल यांची जोडणी. हे भाग कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काही रुपयांना मिळतात.

आता प्रत्येक भाग काय करतो ते बघा.

समजा, 0.1 मायक्रोफॅरॅडचा कपॅसिटर स्पीकरला समांतर जोडला. 1,000 हर्ट्झला त्याचा अडथळा सुमारे 1,600 ओहम आणि 20,000 हर्ट्झला 80 ओहम. शेजारी 8 ओहमची सोपी वाट असताना विद्युतधारा त्याच्याकडे फारशी वळणार नाही. अशा कपॅसिटरसोबत 10 ओहमचा रोध एकसरीत जोडला, तर अ‍ॅम्प्लिफायर ऐकू न येणाऱ्या वारंवारितेला डळमळू नये म्हणून त्याचा उपयोग होतो. उपयोग खरा आहे, पण खर्च किरकोळ.

समजा, 50 मायक्रोहेन्रीची कॉइल एकसरीत जोडली. 1,000 हर्ट्झला तिचा अडथळा जेमतेम 0.3 ओहम, पण 20,000 हर्ट्झला 6 ओहमच्या वर. म्हणजे वरच्या पट्टीतला आवाज थोडा दबणार. ऐकणारा म्हणेल, "वा, काय मऊ आवाज आहे!" पण हे काम अ‍ॅम्प्लिफायरवरचं ‘ट्रेबल’चं बटण फुकटात करतं आणि नको असेल तेव्हा परत फिरवताही येतं.

म्हणून दोनच शक्यता उरतात. डबी ऐकू येणाऱ्या आवाजात काही बदल करत नसेल, तर आवाजासाठी जादा पैसे कशाला? आणि करत असेल, तर ती एक फिल्टर आहे. मग "आमची केबल आवाज जसाच्या तसा पोचवते" हा दावा तिथेच संपतो.

आणि बॅटरी?

ऑडिओक्वेस्ट कंपनीच्या काही केबलवर 72 व्होल्टचा छोटा बॅटरी-पॅक असतो. वायरवरचं प्लास्टिकचं आवरण सतत विद्युतभारित राहिलं की आवाज सुधारतो, असा दावा आहे. ही बॅटरी संगीताच्या मार्गात नसते आणि तिच्यातून धारा जवळजवळ वाहत नाही, म्हणून ती वर्षानुवर्षं टिकते. मग फरक पडतो की नाही हे कसं ठरवायचं? कानांनी, पण डोळे झाकून!

अंध चाचणी

किंमत माहीत असली की कान आधीच निकाल देऊन बसतात. शिवाय किंचित मोठा आवाज आपल्याला ‘चांगला’ वाटतो. 2007 साली जेम्स रँडी यांनी 7,250 डॉलरच्या पेअर केबलबद्दल आव्हान दिलं : साध्या चांगल्या केबलपेक्षा ही वेगळी वाजते हे न बघता ओळखून दाखवा आणि 10 लाख डॉलर न्या. ती चाचणी झालीच नाही. कंपनीने केबल द्यायची तयारी मागे घेतली.

वर्गात हा प्रयोग सहज होतो. दोन वायरी घ्या, आवाजाची पातळी सारखी ठेवा. पडद्याआड एकाने नाणं उडवून वायर निवडावी, दुसऱ्याने ओळखावी. असं 10 वेळा करा. नुसत्या अंदाजाने 10 पैकी 9 किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता 1,024 मध्ये 11, म्हणजे सुमारे 1 टक्का. पाच-सहा बरोबर आले तर तो अंदाजच समजा. संभाव्यतेचा धडा आपोआप होऊन जाईल!

एक सूचना : भिंतीच्या प्लगमध्ये जाणाऱ्या पॉवर केबलची डबी मुलांना कधीही उघडू देऊ नका. तिथे 230 व्होल्ट असतात.

दुकानात विचारायचे तीन प्रश्न

1. डबीत कोणते भाग आहेत आणि किती मूल्याचे?
2. मोजमापात काय बदलतं?
3. न बघता ऐकून ओळखता येतं का, घरी नेऊन तपासू द्याल का?

उत्तरं मिळाली नाहीत, तर पैसे चांगल्या स्पीकरवर घाला. ‘महाग आहे म्हणजे चांगलंच असणार’ हा समज केबलपुरता नसतो. टॉनिक, क्लास, अ‍ॅप, सगळीकडे तो मुलांना भेटणार आहे. दावा ऐकला की "तपासायचं कसं?" असं विचारायची सवय आपल्या मुलांना लागली, तर ती त्यांना जन्मभर पुरेल.