फ्लॅश बंद, फोटो छान

गटाची सहल निघाली की आता प्रत्येकीच्या हातात मोबाईल असतो. आपल्या कळंबोलीहून कर्नाळा पक्षी अभयारण्य जवळच. पण घरी येऊन फोटो पाहावेत, तर शेतातला बगळा नुसता पांढरा ठिपका आणि तारेवरचा कोतवाल काळा डाग! असं का होतं?

फोटोसाठी कॅमेरा जेवढा उजेड आत घेतो, त्याला एक्स्पोजर म्हणतात. मोबाईल समोरच्या सगळ्या चित्राचा अंदाज घेऊन उजेड ठरवतो. काळ्या चिखलात बगळा असेल, तर मोबाईलला अंधार वाटतो. तो उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसं दिसेनाशी होतात. आभाळापुढच्या कोतवालाचं नेमकं उलटं होतं. उपाय सोपा आहे. स्क्रीनवर त्या पक्ष्यावर बोट टेका. बऱ्याच फोनमध्ये बाजूला छोटा सूर्य दिसतो. बगळ्यासाठी तो खाली सरकवा, कोतवालासाठी वर.

झाडीत उजेड कमी असतो. तिथे कॅमेरा जास्त वेळ उजेड घेतो, म्हणून हात हलला की फोटो पुसट येतो. फोन भिंतीला किंवा झाडाच्या खोडाला टेकवून धरा. सकाळी लवकर गेलात तर ऊन कोवळं असतं आणि पक्षीही जागे असतात.

मग फ्लॅश मारला तर? मोबाईलचा फ्लॅश जेमतेम काही फुटांपर्यंत पोचतो. लांबच्या पक्ष्याला त्याचा उपयोग नाही, उलट जवळची पानं चकाकतात. आणि प्राणी जवळ असेल, तर त्रास त्याला होतो. रात्री घुबडाच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झालेल्या असतात. एकदम झोत पडला की ते दिपतं.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासचं उदाहरण घ्या. तिथल्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. 2002 मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं गावकऱ्यांसोबत ती जपायला सुरुवात केली. पिल्लं उजेडाच्या दिशेनं चालतात. मोकळ्या समुद्रावरचं उजळ क्षितिज हीच त्यांची खूण. झगझगीत दिवा दिसला तर ती वाट चुकतात. अंडी घालायला आलेली मादी तशीच परत फिरू शकते. ही पिल्लं पाहायला पाहुणे येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात. म्हणजे कासव टिकलं तरच त्या घरांची कमाई टिकते.

तेव्हा मैत्रिणींनो, जंगलात किंवा किनाऱ्यावर जाण्याआधी फ्लॅश बंद करा. ज्या गटांकडे पाहुणे उतरतात, त्यांनी ही सूचना दारातच लावावी. घरट्याजवळ जाऊ नका, फांद्या बाजूला करू नका. एखादा फोटो हुकला तर हुकू द्या. पक्षी घरट्यात परतला पाहिजे.