फेरी मोजायची कोठून?

स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर ‘फेरी’ या शब्दाचा अर्थ कोणी विचारीत नाही. साताऱ्याला गेलेली गाडी परत येऊन फलाटाला लागली आणि वाहतूक नियंत्रकाकडे नोंद झाली, की फेरी पुरी. हे इतके सोपे असते, कारण गाडी जाऊन येईपर्यंत स्वारगेट जागचे हलत नाही. उपग्रहाच्या बाबतीत नेमका हाच आधार सुटतो. ‘एक प्रदक्षिणा पुरी होण्यास लागणारा वेळ म्हणजे परिभ्रमणकाल’ ही पाठ्यपुस्तकी व्याख्या मग अपुरी पडते. कारण प्रदक्षिणा पुरी झाली हे ठरवावयाचे कशावरून?

22 जून 2016 रोजी श्रीहरिकोटाहून एकाच अग्निबाणाने 20 उपग्रह सोडण्यात आले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी घडविलेला, जेमतेम एक किलो वजनाचा ‘स्वयम्’ त्यांत होता. उंची सुमारे 500 किलोमीटर, कक्षा ध्रुवांजवळून जाणारी, फेरी सुमारे 95 मिनिटांची. असा उपग्रह सकाळी नऊ वाजता स्वारगेटच्या माथ्यावरून गेला, तर 10 वाजून 35 मिनिटांनी तो पुन्हा तेथेच दिसेल काय? मुळीच नाही. तेवढ्या वेळात पृथ्वी जवळजवळ 24 अंश पूर्वेकडे वळलेली असते. उपग्रहाखाली तेव्हा स्वारगेट नसते. सुमारे अडीच हजार किलोमीटर पश्चिमेचे अरबस्तानचे वाळवंट असते.

म्हणून फेरी जमिनीवरून न मोजता ताऱ्यांच्या संदर्भाने मोजावी लागते. तो नाक्षत्र काल. परंतु पृथ्वी ध्रुवांकडे चपटी असल्याने उपग्रहाची कक्षाही हळूहळू सरकत असते. विषुववृत्त दक्षिणेकडून उत्तरेकडे ओलांडल्यापासून पुन्हा तसे ओलांडेपर्यंतचा काळ निराळा. पृथ्वीला अगदी जवळ असण्याच्या बिंदूपासून पुन्हा त्या बिंदूपर्यंतचा आणखी निराळा. पंचांग वाचणाऱ्यास यात नवल वाटू नये. चंद्राचा नाक्षत्र मास 27.32 दिवसांचा, राहूपासून राहूपर्यंतचा 27.21, जवळच्या बिंदूपासूनचा 27.55, आणि अमावास्येपासून अमावास्येपर्यंतचा 29.53 दिवसांचा. चंद्र एकच; महिने चार.

कृत्रिम उपग्रहाच्या या कालांत फरक पडतो तो काही सेकंदांचा. पण ‘स्वयम्’सारखा उपग्रह एका सेकंदात साडेसात किलोमीटर पुढे जातो. फेरीमागे एक सेकंद चुकला, तर दिवसभराच्या पंधरा फेऱ्यांनंतर हिशेब शंभर किलोमीटरांनी हुकतो. दूरसंचाराच्या भूस्थिर उपग्रहाची गोष्ट अधिक बोलकी आहे. तो ‘24 तासांत’ फेरी करतो असे सर्रास शिकविले जाते, आणि परीक्षेत त्यास गुणही मिळतात. खरा काल 23 तास 56 मिनिटे 4 सेकंद. खरोखरच 24 तास लागते, तर तो रोज जवळजवळ एक अंश पश्चिमेकडे सरकला असता. 1970 च्या दशकाच्या आरंभी नारायणगावजवळ आर्वी येथे उभारलेल्या भू-केंद्रातून हिंदी महासागरावरील उपग्रहाशी संपर्क होत असे. तो उपग्रह तीन महिन्यांच्या आत तेथील क्षितिजाखाली गेला असता!

मोजण्याची युक्ती मात्र स्वारगेटच्या रहदारीतही अनुभवास येते. भोंगा वाजवीत येणारी गाडी समोरून पुढे गेली, की त्याचा स्वर उतरतो. उपग्रहाच्या रेडिओ-संदेशाची कंप्रताही तशीच उतरते. 4 ऑक्टोबर 1957 रोजी रशियाचा स्पुटनिक सुटल्यावर अमेरिकेत गायर आणि वायफेनबाख या दोघा शास्त्रज्ञांनी या उतारावरूनच त्याची कक्षा काढली. अर्थात एका फेरीवर कोणी विसंबत नाही. प्रयोगशाळेतला विद्यार्थी लंबकाची वीस आंदोलने मोजून विसांनी भागतो, त्याच न्यायाने अनेक फेऱ्यांचा वेळ घेऊन भागाकार केला जातो.

त्या उत्तरापुढेही तारीख लिहावी लागते. विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह खाली येतो, आणि खाली आला की त्याची फेरी लांबत नाही, उलट आखूड होते. स्पुटनिकला प्रारंभी 96 मिनिटे लागत. ती दिवसागणिक कमी होत गेली, आणि 4 जानेवारी 1958 रोजी तो वातावरणात शिरून जळाला.