शेवटचा बाइट तारेवरून जाईपर्यंत

मोटारी, झडपा आणि संवेदक यांचा कारभार पाहणारा औद्योगिक नियंत्रक जेव्हा लिनक्सवर चालतो, तेव्हा त्यातील प्रोग्रामला सामान्यतः कोणत्याही उपकरणाला थेट हात लावता येत नाही. उपकरणांचा ताबा ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याकडे, म्हणजे कर्नलकडे असतो आणि हवे ते काम ‘सिस्टिम कॉल’ या ठरावीक विनंत्यांनी करवून घ्यावे लागते. या विनंत्यांची घडण मूळची युनिक्सची आहे. बेल लॅब्जमध्ये १९६९ साली सुरू झालेल्या या प्रणालीने उपकरणांनाही फाइलचे रूप दिले, त्यामुळे ज्या ‘ओपन’, ‘रीड’, ‘राइट’ कॉलांनी डिस्कवरचा मजकूर वाचता-लिहिता येतो, त्यांनीच सीरियल पोर्टवरून भट्टीचे तापमानही मागवता येते.

मात्र बाइटांची देवाणघेवाण म्हणजे उपकरणाचे संपूर्ण नियंत्रण नव्हे. उपकरणाची कार्यपद्धती बदलण्यासाठी युनिक्सच्या १९७९ च्या सातव्या आवृत्तीत ‘आयऑक्टल’ हा कॉल आला. त्याला उघडलेल्या फाइलचा क्रमांक, आज्ञेचा संकेतांक आणि बहुधा माहितीच्या रचनेचा पत्ता दिला जातो. आज्ञेचा अर्थ त्या उपकरणाचा ड्रायव्हर लावतो. त्याच वर्षी मॉडिकॉन कंपनीने मॉडबस ही संदेशपद्धती प्रसिद्ध केली, आणि आज या दोहोंची गाठ नियंत्रकाच्या आरएस-४८५ या सीरियल पोर्टवर पडते.

दोन तारांच्या आरएस-४८५ जोडणीत पाठवणे आणि ऐकणे एकाच जोडीवरून चालते, म्हणून नियंत्रकाने संदेशापूर्वी प्रेषक चालू करून शेवटचा बिट जाताच तो बंद करणे अनिवार्य असते. ९,६०० बॉड गतीला ११ बिटांचे एक अक्षर जाण्यास सुमारे १.१५ मिलिसेकंद लागतात, आणि मॉडबसच्या आरटीयू या प्रकारात दोन संदेशांमधील शांतता किमान साडेतीन अक्षरांची, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद, असावी लागते. ‘राइट’ यशस्वी झाला याचा अर्थ माहिती कर्नलने आपल्याकडे घेतली एवढाच असतो. ती तारेवरून गेली असे नव्हे. त्याच क्षणी प्रेषक बंद केला तर संदेशाचे शेपूट तुटते. ‘टीसीड्रेन’ने शेवटचा बाइट जाईपर्यंत थांबता येते, पण इतर कामांमुळे प्रोग्रामला उशिरा जाग आली तर उत्तराचे पहिले बाइट बिघडतात, आणि दोष केबलचा समजून केबल बदलण्यात दिवस जातो. म्हणून एकाच आयऑक्टलने पोर्टला आरएस-४८५ पद्धत सांगून प्रेषकाची उघडझाप ड्रायव्हरवर किंवा चिपवर सोपवणे हा योग्य मार्ग होय. ड्रायव्हरला ती आज्ञा ठाऊक नसेल तर कॉल उणे एक परत करतो. ते मूल्य न तपासणारा प्रोग्राम सर्व सुरळीत असल्याच्या भ्रमात पुढे जातो.

वॉचडॉग या पहारेकरी उपकरणाच्या बाबतीतही कॉल यशस्वी झाला म्हणजे काम सुरळीत चालले असे नव्हे. त्याची फाइल उघडताच कालमापन सुरू होते आणि ठरलेल्या मुदतीत प्रोग्रामने काही लिहिले नाही तर नियंत्रक पुन्हा सुरू होतो. हे लिखाण नियंत्रणाचे आवर्तन पूर्ण झाल्यावरच व्हावे; प्रोग्रामच्या स्वतंत्र धाग्यातून (थ्रेडमधून) ते होत राहिले तर मुख्य काम अडकूनही पहारेकऱ्याला काही कळत नाही.

२०२४ मध्ये लिनक्सच्या ६.१२ आवृत्तीत प्रीएम्प्ट-आरटी ही काटेकोर वेळेची सोय मूळ कर्नलमध्ये आली, त्यामुळे विलंबावर मर्यादा घालणे सुकर झाले. तरीही कोणते काम कर्नलवर सोपवायचे, कोणते स्वतःकडे ठेवायचे आणि प्रत्येक कॉलच्या उत्तरावरून नेमके काय सिद्ध होते, हे ठरवण्याची जबाबदारी प्रोग्राम लिहिणाऱ्याचीच राहते, आणि यंत्राजवळ उभ्या असलेल्या कामगाराची सुरक्षितता याच निर्णयांवर अवलंबून असते.