पांदण, माळ आणि पाळ
मानोऱ्याच्या टेकड्यांतल्या पन्नास वर्षांच्या पायपिटीचा मागोवा

पन्नास वर्षांपूर्वी मानोऱ्यात कोणी ‘जरा फिरायला जातो’ म्हटलं असतं, तर समोरच्याने हमखास विचारलं असतं, “कोन्या कामानं?” चालणं भरपूर होतं, पण त्याला काम चिकटलेलं असे. वावरात जाणं, सरपण आणणं, ढोरांमागे जाणं, आठवडी बाजार, उन्हाळ्यात मोहफुलं आणि तेंदूपत्ता. लेकरं सोबत असत, कारण त्यांना घरी ठेवायचं कोणाजवळ? आज रविवारी सकाळी आईबाप आपल्या पोरांना घेऊन नुसते तलावाच्या पाळीवर जातात, तास-दोन तास हिंडतात आणि परत येतात. या दोन टोकांमध्ये गावाभोवतीच्या जमिनीचं काय झालं, हे पाहण्यासारखं आहे.

मानोरा तालुका वाशीम जिल्ह्याच्या आग्नेय कोपऱ्यात, यवतमाळच्या दिग्रस-पुसदला लागून आहे. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, त्याआधी हा सगळा मुलूख अकोल्यात होता. अजिंठ्याच्या रांगेचे फाटे इथे बसक्या टेकड्या होऊन पसरले आहेत. माथ्यावर बरड, मुरमाड माळ. उतारावर साग, धावडा, सालई, पळस. खोलगट भागात काळी कसदार जमीन. अरुणावती याच तालुक्यातून वाहते, उत्तरेला कारंज्याकडे अडाण आहे, आणि हे सगळं पाणी पुढे पैनगंगेच्या खोऱ्यात जातं. इथे किल्ले नाहीत, सुळके नाहीत, त्यामुळे गिर्यारोहकांच्या यादीत हा भाग कधी आला नाही. त्याचा फायदा असा, की पाच वर्षांचं पोर आणि सत्तरीची आजी एकाच वाटेने टेकडीवर चढू शकतात.

या टेकड्यांत सगळ्यात जास्त चालला तो बंजारा समाज. बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरणारी त्यांची लदेणी रेल्वे आणि पक्क्या रस्त्यांमुळे बसली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने भटक्या समाजांच्या चालण्यावरच पहारे बसवले. तो डाग पुसायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. तोवर तांडे डोंगराच्या कुशीत स्थिरावले होते. १७३९ साली जन्मलेल्या संत सेवालाल महाराजांची समाधी मानोरा तालुक्यातल्या पोहरादेवीला आहे, आणि रामनवमीच्या यात्रेला देशभरातले तांडे तिथे लोटतात. एकेकाळी बैलगाड्यांनी आणि पायी येणारी कुटुंबं वाटेत नाल्याकाठी मुक्काम करीत. लेकरांना मुलूख दाखवण्याची तीच रीत होती.

मग १९७२ चा दुष्काळ आला. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, याच डोंगरपट्ट्यातल्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमीची कल्पना त्या दुष्काळात राज्यभर राबवली गेली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. घरंच्या घरं कामावर गेली. बाप्ये खोदत, बाया टोपल्यांनी माती वाहत, तान्ही लेकरं झाडाला बांधलेल्या झोळीत. त्या कामांतून खडीचे रस्ते झाले, नालाबांध झाले, आणि जागोजागी पाझर तलाव झाले.

पाझर तलावाचं काम साठवण्यापेक्षा मुरवण्याचं. पावसाचं पाणी पाळीमागे थांबतं, मुरमातून आणि खडकाच्या भेगांतून हळूहळू खाली उतरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना लागतं. म्हणून गणपतीत काठोकाठ भरलेला तलाव होळीपर्यंत तळाला जातो आणि भेगाळलेल्या गाळात बगळे उभे दिसतात. मोठी धरणंही त्याच काळातली. सत्तरच्या दशकात कारंज्याकडे अडाण अडवली गेली, पुढे दिग्रसजवळ अरुणावती. त्यांच्या बुडिताखाली गावं आणि जमिनी गेल्या, ती किंमत फिरणाऱ्याने विसरू नये. पाणी उतरलं की उघड्या पडणाऱ्या जमिनीत लोक गाळपेर करतात, आणि थंडीत त्याच उथळ पाण्यावर हिमालयापलीकडून आलेले चक्रवाक उतरतात. भुकेच्या दिवसांत उभ्या राहिलेल्या पाळींवर पुढच्या पिढीला हिंडायला जागा मिळाली. हे कोणी ठरवून केलेलं नव्हतं.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत घरादारासह बाहेर पडण्याचं मोठं निमित्त म्हणजे रोडगे. नवस फिटला, पीक चांगलं आलं, पोरगा नोकरीला लागला, की नाल्याकाठच्या एखाद्या देवस्थानावर सगळं गणगोत निघायचं. जाड दळलेल्या कणकेच्या लहान पाऱ्या तेल लावून एकात एक घालायच्या, वरून मोठी पारी गुंडाळून गोळा बांधायचा. गोवऱ्यांचा आहार, म्हणजे निखाऱ्यांचा थर, लालबुंद झाला की त्यात गोळे सोडायचे आणि काठीने फिरवत राहायचे. भाजलेला रोडगा गोणपाटात घोळून राख झाडायची, मुठीने फोडायचा आणि तुपात बुडवायचा. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आहार तयार व्हायला वेळ लागे, आणि तेवढ्या वेळात पोरं टेकडी पालथी घालून येत. बोरं कुठली गोड, बिब्याच्या झाडाला हात का लावायचा नाही, सीताफळाचे डोळे उघडले म्हणजे काय, हे तिथेच शिकायला मिळे.

तांड्यातल्या मुलींची तीजही अशीच पाण्यापर्यंत नेणारी. श्रावणात टोपल्यांत गहू पेरून नऊ दिवस त्याला पाणी घालायचं. विहिरीवर जाता-येता गाणी म्हणायची आणि शेवटी वाढलेले कोंब डोक्यावर घेऊन सगळ्या तांड्याने नाल्यावर किंवा तलावावर विसर्जनाला जायचं. मोठी माणसंही या निमित्ताने पावसाळ्यातला माळ पायाखालून घालत.

नव्वदनंतर वावरांचा चेहरा बदलला. सोयाबीन आलं आणि ज्वारी हटली. ज्वारी गेली तसा हुरडा गेला, कडबा गेला आणि कडब्यावर पोसलेले बैलही कमी झाले. बैलगाडी नाही म्हटल्यावर पांदणीची गरज नाही, असं धुऱ्याच्या दोन्ही बाजूंनी ठरवलं. दर हंगामात नांगराचं एकेक तास आत सरकलं आणि दोन गाड्या जातील एवढी पांदण माणूस जाईल एवढी उरली. उरलेल्या जागेत बाभळी वाढल्या. पुढे ट्रॅक्टर अडायला लागले, शेजाऱ्यांच्या तक्रारी तहसिलीत गेल्या, आणि २०२१ मध्ये राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत पाणंद रस्ते योजना आणली. रस्ता मोकळा झाला की पहिला माल बाहेर निघतो हे खरं, पण त्याच रस्त्याने शाळेतली पोरंही टेकडीपर्यंत जाऊ लागतात. योजनेच्या कागदात या दुसऱ्या फायद्याचा हिशेब धरलेला नाही.

नाल्यांचंही तसंच. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार सुरू झालं, नाले खोल आणि रुंद झाले, पाणी थांबलं. पण पूर्वी दगडावर पाय ठेवून पोरं जिथे पलीकडे जात, तिथे आता उभ्या कडांचा खड्डा असतो आणि काठावर उपसलेल्या मातीचे ढिगारे. खोलीकरण केलेल्या नाल्यात आणि गाळाच्या तलावात लहान मुलांना उतरू देऊ नये. तळ दिसत नाही आणि गाळात रुतलेला पाय सुटत नाही.

सगळ्यात जास्त नुकसान मात्र माळाचं झालं. सरकारी दप्तरात तो पडीक. पडीक म्हटलं की तिथे रोपं लावा, प्लॉट पाडा, मुरूम उचला, काहीही केलं तरी सुधारणाच. पवना, मारवेल, कुसळी यांसारखं गवत तिथे पिढ्यान् पिढ्या उगवतं आणि त्यावर गावाची ढोरं जगतात, याची नोंद त्या एका शब्दात राहत नाही. हा माळ मोलाचा आहे, हे याच भागातल्या लोकांनी दाखवून दिलं. कारंज्याच्या ‘संवेदना’ या संस्थेने, कौस्तुभ पांढरीपांडे आणि त्यांच्या सोबत्यांनी, फासेपारधी समाजाला बरोबर घेऊन अकोला-वाशीमच्या माळांवर तणमोराच्या रक्षणाचं काम उभं केलं. तणमोर हा गवतात लपणारा, जगभरात दुर्मीळ झालेला पक्षी आहे. पावसाळ्यात त्याचा नर गवतावरून उंच उडी मारतो तेव्हाच तो दिसतो, आणि तो कुठल्या माळावर उडी मारेल हे फासे लावणाऱ्यांना पिढीजात ठाऊक होतं. शेजारच्या कारंजा-सोहोळ अभयारण्यात काळवीट बघायला घरदार घेऊन लोक जातात. तोही माळच आहे.

गेल्या दहा वर्षांत पोहरादेवीचं रूप पालटलं. ऑक्टोबर २०२० मध्ये बंजारा समाजाचे धर्मगुरू रामराव महाराज गेले. ५ ऑक्टोबर २०२४ ला नंगाऱ्याच्या आकाराच्या बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन पंतप्रधानांच्या हस्ते झालं. रस्ते रुंद झाले, गाड्या वाढल्या. लदेणीवरचं जगणं आज मांडून ठेवलेलं पाहता येतं. मात्र ज्या टेकड्यांवरून ते तांडे चालले त्या संग्रहालयाच्या भोवतीच आहेत, आणि गाडीतून उतरून तिकडे वळणारे थोडे.

वळायचं असेल तर ऑगस्टचा उत्तरार्ध ते डिसेंबर हे दिवस चांगले. सकाळी लवकर निघावं, भाकर-ठेच्याची शिदोरी आणि पाणी सोबत असावं. विजा चमकू लागल्या की उघड्या माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नये. रोही आणि रानडुकरांपासून पीक वाचवायला शेतकरी कुंपणाला झटका मशीन लावतात, म्हणून तारेला हात न लावण्याची सवय पोरांना आधीच लावावी. उभ्या पिकातून न जाता धुऱ्याने जावं आणि वावरात माणूस दिसला तर “राम राम काका, इकडून जाऊ का?” म्हणून विचारावं. बहुतेक वेळा वाट मिळते, कधी शेंगाही मिळतात.

पन्नास वर्षांचा ताळेबंद मांडला तर पाळी मिळाल्या, पांदणी आक्रसल्या आणि माळ अर्धामुर्धा उरला. पाळ बांधायला दुष्काळ, कायदा आणि हजारो हात लागले. उरलेल्या दोन गोष्टी राखायला एवढं काही लागत नाही. पांदणीची मोजणी करून दोन्ही बाजूंना दगड रोवणं आणि गायरानाच्या माळावर काय उगवतं याची ग्रामसभेत नोंद करणं, ही ग्रामपंचायतीच्या आवाक्यातली कामं आहेत. पाळीवर बाकडी टाकायचा प्रस्ताव सहज मंजूर होतो. पण बाकड्यापर्यंत चालत जायला वाट राहिली नाही, तर तिथे बसणाऱ्यांना गाडीनेच यावं लागेल, आणि ज्यांच्या घरी गाडी नाही त्यांची लेकरं घरीच राहतील. ज्यांच्या आजा-आजीने टोपल्यांनी माती वाहून ती पाळ उभी केली, त्यांतली बरीच घरं अशीच आहेत.