रंगो बापूजींना फाशी झालीच नव्हती

साताऱ्यात 1857 चा विषय निघाला की एक वाक्य ठरलेलं असतं: साताऱ्याच्या छत्रपतींचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांना इंग्रजांनी गेंडामाळावर फाशी दिली. भाषणांत ते येतं, जयंतीच्या फलकांवर येतं, आणि कुणी हटकलं तर चार भिंतींच्या हुतात्मा स्मारकाकडे बोट दाखवलं जातं. पण स्मारक म्हणजे फाशीचा दाखला नव्हे. 8 सप्टेंबर 1857 रोजी गेंडामाळावर सतरा जणांना मारण्यात आलं: पाच फासावर गेले, सहा तोफेच्या तोंडी, सहा बंदुकीच्या गोळ्यांनी. त्यांत रंगो बापूजींचा मुलगा सीताराम होता, बाप नव्हता. बाप त्याआधीच बेपत्ता झाला होता आणि त्याला धरून देणाऱ्यासाठी सरकारने इनाम लावलं होतं. ‘प्रतापसिंह छत्रपती आणि रंगो बापूजी’ या ग्रंथात प्रबोधनकार ठाकऱ्यांनीही त्यांना फासावर चढवलेलं नाही. ते निसटले ते निसटलेच. मुलाचं मरण बापाच्या नावावर चढलं, एवढीच या फाशीची हकीकत.

यावर हमखास येणारी शंका अशी, की इंग्रजांनी गुपचूप मारून प्रकरण दाबलं असेल. हा तर्क मुळातच उलटा आहे. सतरा जणांना उघड्या माळावर तीन तऱ्हांनी मारलं ते लोकांनी बघावं आणि घाबरावं म्हणून. त्याच सरकारला साताऱ्यातल्या उठावाच्या कटाचा सूत्रधार सापडला असता तर त्याचं मरण लपवलं असतं का? दवंडी पिटली असती. मरण लपवण्याचं उदाहरणच हवं तर हे घ्या: अमेरिकेत सोनं शोधायला गेलेला स्पॅनिश सरदार हर्नांदो दे सोतो 1542 मध्ये वारला, तेव्हा सोबत्यांनी त्याचं प्रेत मिसिसिपी नदीत बुडवलं, कारण तो मर्त्य असल्याचं तिथल्या लोकांना कळू द्यायचं नव्हतं. तिथे देह लपवला, तरी सोबत्यांनी पुढे सगळं लिहून ठेवलं. इथे देहही नाही, लिहिणारा सोबतीही नाही. रंगो बापूजी साधू होऊन हिंडले वगैरे कथा म्हणूनच उगवल्या, आणि त्या फाशीइतक्याच बिनपुराव्याच्या आहेत.

बाकीचे घोळ थोडक्यात. रंगो बापूजी लंडनला गेले ते साताऱ्याचं राज्य खालसा झालं म्हणून, असं म्हणतात; पण 1839 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीने साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांना पदच्युत करून काशीला धाडलं, त्याची दाद मागायला ते गेले. खालसा झालं 1848 मध्ये, गादीवरचे त्यांचे धाकटे भाऊ शहाजी वारल्यावर. म्हणजे ज्यांची वकिली करायची ते महाराज 1847 मध्ये काशीत वारले, मग गादीच गेली, तरी हा वकील 1853 पर्यंत तिथे खेटे घालत राहिला! लंडनमध्ये नानासाहेब पेशव्यांचे वकील अजीमुल्ला खान यांच्यासोबत उठावाचा बेत शिजला, हे सावरकरांच्या 1857 वरच्या ग्रंथामुळे रुजलं. भेट झाली असं धरलं तरी त्या बोलण्याचं टिपण कुणी दाखवलेलं नाही. आणि ‘हे साताऱ्याचं, आम्हा सांगलीकरांचं काय’ असं म्हणणाऱ्या वाळवा-खानापूरकरांनी जुना नकाशा उघडावा. सांगली संस्थान पटवर्धनांचं, वेगळं, हे खरं. पण हे तालुके साताऱ्यातच होते. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निघाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं.