मेणाचे पाय, मेणाची घरे

बुधवारी माहीमला कधी गेला असाल, तर लेडी जमशेटजी रस्त्यावर बस मुंगीच्या पावलांनी का सरकते, हे वेगळे सांगायला नको. सेंट मायकल चर्चमध्ये त्या दिवशी नोव्हेना असतो. 1948 पासूनचा हा क्रम. नऊ बुधवार नेमाने यायचे आणि मागणे मागायचे. येणाऱ्यांत ख्रिस्ती असतात, तसे इतर धर्मांचेही पुष्कळ. सौ.च्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तेव्हा शेजारच्या ख्रिस्ती बाई आम्हाला न विचारताच नवस बोलून बसल्या होत्या. तो फेडायला परवा मी निघालो.

शीतळादेवीच्या देवळापाशी उतरून चालू लागलो. देवीचा रोग जगातून नाहीसा झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने 1980 साली जाहीर केले. रोग गेला, देवी राहिली. मागणारे राहिले, फक्त मागणी बदलली.

पुढे मख्दूम फकीह अली माहिमी यांच्या दर्ग्याकडे गर्दी वळते. हे सूफी विद्वान 1431 साली वारले. या भागातल्या काही खानावळींसमोर माणसे रांगेने उकिडवी बसलेली दिसतात. कुणी वाटसरू दहा जणांच्या जेवणाचे पैसे गल्ल्यावर देतो, मालक खूण करतो आणि पुढचे दहा जण उठतात. देणारा थांबतही नाही. ज्यांच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो, त्या लेडी जमशेटजींनीही 1840 च्या दशकात वांद्र्याला जोडणाऱ्या कॉजवेसाठी दीड लाखावर रुपये दिले. अट एकच होती, जाणाऱ्या-येणाऱ्यांकडून टोल घ्यायचा नाही.

चर्च जवळ आले की पदपथावर मेणाचा बाजार लागतो. हात, पाय, हृदय, बाळ, घर. परदेशी जाऊ पाहणाऱ्यांसाठी विमानसुद्धा. मुंबईला काय हवे आहे, हे जाणून घ्यायला पाहणीची गरज नाही. या टोपल्या पाहाव्यात. घरांचा ढीग नेहमीच मोठा असतो.

त्या ढिगाशी माझी पावले अडखळतात, त्याला कारण आहे. 1994 साली मी याच परिसरात एका बँकेच्या शाखेत कर्जाचे टेबल सांभाळत होतो. मेणाच्या वस्तू विकणारी एक बाई आली. सप्टेंबरात वांद्र्याची माउंट मेरीची जत्रा, त्याआधी माल भरायला तिला पाच हजार हवे होते. मी जामीनदार विचारला, नव्हता. राहण्याचा पुरावा विचारला, तोही नव्हता. दर बुधवारी तिला त्याच जागी बसलेली मी स्वतः पाहत होतो. पण माझे पाहणे हा काही पुरावा नव्हे. मी अर्जावर ‘अपात्र’ लिहिले. ती वाद न घालता उठली. पिशवीतून मेणाचे एक छोटे घर काढून टेबलावर ठेवले आणि म्हणाली, ‘‘राहू द्या साहेब, उन्हात ठेवू नका.’’

2020 साली फेरीवाल्यांना विनातारण दहा हजारांपर्यंत कर्ज देणारी सरकारी योजना आली. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो. परिपत्रक वाचताना मला ते घर आठवले. नियम मी मोडला नव्हता, हे खरे. पण तिच्यासाठी शब्द टाकायला वरिष्ठांकडे गेलोही नव्हतो, हेही खरेच.

परवा त्या जागी एक तरुण मुलगी होती. जुन्या बाईची कोण, की कोणीच नाही, हे विचारण्याचा मला धीर झाला नाही.

‘‘काय देऊ काका? घर, पाय, बाळ?’’

‘‘एक पाय,’’ मी म्हणालो, ‘‘आणि एक साधी मेणबत्ती.’’

बँकेच्या अर्जात ‘कर्जाचे प्रयोजन’ असा एक रकाना असतो. तो रिकामा असेल, तर आम्ही अर्ज परत करत असू. तिने पाय कागदात गुंडाळला, वर मेणबत्ती ठेवली. मेणबत्ती कशासाठी, हे तिने विचारले नाही.