लोंबता दोर

हरिश्चंद्रगडापासून निघालेली डोंगररांग अहिल्यानगर, बीड ओलांडत धाराशिवात येते, तोवर तिची उंची बरीच ओसरलेली असते. तिकडच्या टोकाला कोकणकडा आणि इकडे आमचा बालाघाट. उंची गेली तरी दगड तोच, काळा बेसाल्ट. धाराशिव लेणी ज्या डोंगरात खोदली आहेत, त्या बाजूला पठाराचा काठ तुटतो. तिथे घळी आहेत, ओघळ आहेत आणि मधूनच उघडा पडलेला कातळ. दिवाळीनंतर गवत वाळलं की तो स्पष्ट दिसू लागतो. अशाच एका चार-पाच पुरुष उंच कड्यावर काही तरुण मुलंमुली प्रस्तरारोहणाचा छोटा माहितीपट करत होती. ते काम मी जवळून पाहिलं.

आरोहण सुरू होण्याच्या कितीतरी आधी कॅमेऱ्याचं काम सुरू झालं. कॅमेरा सांभाळणारा मुलगा मागच्या वाटेने कड्याच्या माथ्यावर गेला. तिथे त्याने कातळात ठोकलेले दोन बोल्ट आणि एक भक्कम धोंडा असे तीन आधार निवडले. तिघांवर सारखा भार येईल अशा पट्ट्या बांधल्या आणि मग त्यातून दोर खाली सोडला. काठावर दोर घासू नये म्हणून पोत्याची चौपदरी घडी त्याखाली सारली. हा दोर स्टॅटिक, म्हणजे फारसा न ताणणारा. चढणाऱ्याचा दोर वेगळा. तो ताणतो आणि पडणाऱ्याचा झटका स्वतःत जिरवतो. कॅमेरेवाल्याला झटका नको असतो, स्थिरपणा हवा असतो. बसायला एक अरुंद फळी आणि वर सरकायला जुमार. जुमार दोरावर वर सरकतो, खाली मात्र घसरत नाही. कॅमेरा, भिंगाचं झाकण, जादा बॅटरी, सगळं त्याच्या अंगाला बारीक दोरीने बांधलेलं होतं. हातातून काही निसटलं तर ते खालच्या माणसाच्या डोक्यावर जाणार.

तो अर्ध्या उंचीवर, चढाईच्या रेषेपासून थोडा बाजूला लटकला. बाजूलाच का, हे तिथे उभं राहिल्यावर कळतं. खालून चित्रण केलं तर बुटांचे तळवे आणि पाठ दिसते, उंची चेपली जाते. वरून केलं तर साधा कडाही भयंकर दिसतो. कॅमेरा किंचित तिरका धरला की उतरणीचा दगड उभा भासतो. डोंगरावरच्या चित्रपटांत ही लबाडी फार सोपी आहे आणि ती सर्रास होते. ती ओळखायची एक खूण त्या मुलाने मला सांगितली. चौकटीत कुठेतरी मोकळा लोंबता दोर शोधायचा. गवंड्याच्या ओळंब्यासारखा तो सरळ खालीच जातो. पडद्यावर तो तिरका दिसला तर समजावं की कॅमेरा वाकडा आहे. या मुलांनी आपल्या प्रत्येक चौकटीत असा एक दोर मुद्दाम ठेवला होता. मला त्यांचा हा नियम मनापासून पटला. चाळीस फुटांचा कडा चाळीस फुटांचाच दिसला पाहिजे. तेवढ्यावर माणूस पुरेसा थरथरतो.

चढणारी मुलगी पहिल्या टप्प्यावर सहज गेली. पुढे तांबड्या मातकट थराची पट्टी आली. लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये असा ठिसूळ थर सह्याद्रीत ठिकठिकाणी सापडतो आणि आरोहकांना तो नको असतो. तिने पकड ठोकून पाहिली. आवाज पोकळ आला. “दगड!” ती ओरडली आणि मुठीएवढा तुकडा आमच्या डावीकडे पडला. मग ती बराच वेळ तिथेच थांबली. पाय कापत होते. खालून दोर सांभाळणारा तिला घाई करत नव्हता. “ढील देऊ का?” त्याने विचारलं. “नको, आवळून धर,” ती म्हणाली. कॅमेरेवाल्याने या सगळ्यात एक शब्दही उच्चारला नाही. चढणाऱ्याशी बोलायचं नाही, त्याला कुठे पकड आहे ते सांगायचं नाही, हेही त्यांनी आधीच ठरवलं होतं.

कॅमेऱ्याच्या असण्याने चढाई बदलते का, हा प्रश्न या कामात सतत असतो. आरोहक ॲलेक्स होनोल्ड 3 जून 2017 रोजी एल कॅपिटन हा सुमारे 900 मीटरचा कडा दोराविना चढला, तेव्हा त्यावरच्या ‘फ्री सोलो’ या माहितीपटाच्या जिमी चिन आणि एलिझाबेथ चाय वासारेली या दिग्दर्शकांपुढे हाच प्रश्न होता. सगळे कॅमेरेवाले स्वतः कसलेले आरोहक होते. तरी सर्वांत अवघड टप्प्यावर माणसाऐवजी दुरून चालणारे कॅमेरे लावले गेले, म्हणजे त्याला कुणाची नजर जाणवू नये. खालून चित्रण करणारा एक सहकारी तर भिंगापासून तोंड फिरवून उभा राहतो, त्याला पाहवत नाही. चित्रपटातला तो क्षण मला शिखरापेक्षा मोठा वाटतो.

जुन्या काळी अंतर आपोआपच होतं. 1924 च्या एव्हरेस्ट मोहिमेत जॉन नोएल लांब पल्ल्याच्या भिंगातून दुरून चित्रण करत होता. शिखराकडे गेलेले मॅलरी आणि आयर्विन परतले नाहीत, तेव्हा नॉर्थ कोल या खिंडीच्या बर्फावर ब्लँकेटं फुलीच्या आकारात अंथरून खाली निरोप दिला गेला. नोएलने तो निरोप चित्रित केला. पडद्यावर एक बारीकशी फुली, एवढंच. 1953 साली शिखरावर चित्रपटाचा कॅमेरा पोचलाच नाही. तेनसिंगचं तिथलं छायाचित्र हिलरीने साध्या कॅमेऱ्याने घेतलं. 1996 मध्ये डेव्हिड ब्रीशर्सच्या पथकाने सुमारे 20 किलोचा आयमॅक्स कॅमेरा माथ्यावर नेला. एका रिळात जेमतेम दीड मिनिटाचं चित्रण मावायचं. ते ओझं शेर्पांच्या पाठीवरून गेलं, हे श्रेयनामावली वाचताना आपण विसरतो.

आमच्या कड्यावर ड्रोन आणलेला नव्हता. कारण वर उजवीकडे कपारीत आग्यामोहोळ होतं. आवाजाने माश्या उठल्या तर दोरावर टांगलेल्या माणसाला पळायला जागा नसते. सह्याद्रीत चढणारे सगळे ही गोष्ट जाणतात. कडा निवडताना ते आधी मोहोळं पाहतात. अत्तर लावून यायचं नाही, धूर करायचा नाही, हेही तिथे कुणाला सांगावं लागलं नाही.

मुलगी अखेर डावीकडून वळसा घेऊन तो ठिसूळ पट्टा ओलांडून गेली. माथ्यावर पोचल्यावर कुणी आरोळी ठोकली नाही, आधी तिला आधाराशी बांधून घेतलं. नंतर हाताच्या बोटांची आणि बुटांच्या टोकांची जवळची दृश्यं वेगळी घेतली गेली. ती पुन्हा करून घ्यायला माझी हरकत नाही. तांबड्या पट्टीखालचं थांबणं मात्र पुन्हा करायला तिला कुणी सांगितलं नाही, आणि ते योग्यच झालं. दुसऱ्यांदा तो अभिनय झाला असता.

संध्याकाळी एका घराच्या ओसरीवर लॅपटॉपवर चित्रण पाहिलं. वाद झाला तो त्या थांबण्यावरच. एकाचं म्हणणं, एवढा वेळ पडद्यावर काहीच घडत नाही, लोक उठून जातील, कापू. दुसरा म्हणाला, त्याच वेळात खाली दोर धरणाऱ्याचे हात दाखवू. त्यांनी तेच केलं. तिचा श्वास ऐकू येत राहतो आणि चौकटीत दिसतात दोर आवळून धरलेले दोन हात, तळव्यांना लागलेली माती, मधूनच वर जाणारी नजर. महाराष्ट्रातल्या गिर्यारोहणाच्या चित्रणांत हे हात मला फार कमी दिसले आहेत. सुरेंद्र चव्हाण 18 मे 1998 रोजी एव्हरेस्टवर पोचले, 2012 मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे आठ जण उमेश झिरपे यांच्या नेतृत्वाखाली, या यशाची छायाचित्रं आपल्या डोळ्यांसमोर असतात ती माथ्यावरची. मुलुंडच्या गिरिमित्र संमेलनात अशा मोहिमांची दृक्‌श्राव्य सादरीकरणं पाहायला गर्दी होते. तुळजापूर, कळंब, भूमच्या शाळकरी मुलांना मात्र डोंगर चढणं हे काम कसं चालतं ते पाहायला मिळत नाही. कड्यावरची ही मुलं आपला माहितीपट आधी तिथल्या शाळांत दाखवणार आहेत, निवेदन इकडच्याच बोलीत. संगीत ठेवायचं की नाही यावर त्यांचं अजून एकमत नाही. मी म्हटलं, ठेवू नका, वारा आणि दोर अडकवायच्या कॅराबिनरचा खणखणाट पुरे. त्यांतल्या दोघांना ते पटलेलं नाही.